भाग सातवा, लावू नये

दिगंबर ननवरे वारला त्याला चार वर्षं झाली. पण त्याला पुसून टाकलं ते गेल्या महिन्यात एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, आणि तेही त्याच्या मेहुणीच्या घरात, चहा पिता पिता.

त्याची बायको वैजयंता त्या दुपारी थोरल्या बहिणीकडे, प्रमिलाआक्काकडे गेली होती. आक्काच्या भिंतीवर ‘मनाजोगं’ चालू होतं. २०४१ साली कुर्डुवाडीत ज्याच्या घरी ‘मनाजोगं’ नाही असं घर दिवा घेऊन शोधावं लागलं असतं, आणि सापडलं असतं तर ते वैजयंताचंच. आक्का तिची आवडती जुनी मालिका बघत होती, ‘सिग्नलच्या अलीकडे’, भाग सातवा. वैजयंताने कप खाली ठेवला आणि साडीचा पदर सावरला. इतक्या वर्षांनी नवरा पडद्यावर दिसणार होता.

ही मालिका १९८९ साली लागायची. रेल्वेत रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका सांधेवाल्याच्या संसाराची साधी गोष्ट, तेरा भाग. सातव्या भागाचं शूटिंग कुर्डुवाडी जंक्शनावर झालं होतं. सांधेवाल्याची बायको फलाटावर उभी आहे, छोटी गाडी येते, सगळे उतरतात, नवरा उतरत नाही. प्रसंग एवढाच. पण उतरणाऱ्यांत निम्मी कुर्डुवाडी होती आणि त्यात पेरूची पाटी घेतलेला वीस वर्षांचा दिगंबर होता. शूटिंगवाल्यांनी सगळ्यांना दहा वेळा बजावलं होतं, की काय वाट्टेल ते करा पण कॅमेऱ्याकडे बघू नका. आता कुर्डुवाडीच्या माणसाला असं सांगितल्यावर तो आणखी काय करणार? जो उतरला त्याने आधी कॅमेरा कुठे आहे ते शोधलं. दिगंबरने तर म्हणे थेट भिंगात बघून बत्तिशी दाखवली आणि दिग्दर्शकाची सणसणीत शिवी खाल्ली. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं त्याने ही हकीगत प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर मयतीलाही सांगितली होती.

आक्काच्या पडद्यावर गाडी आली. माणसं उतरली. सगळी नीटनेटकी, धुतल्या कपड्यांतली, आणि एकही कॅमेऱ्याकडे बघेना. पेरूची पाटी नव्हती. दिगंबर नव्हता. आणि सगळ्यात शेवटी, हातात वळकटी घेऊन, सांधेवाला उतरला. बायको धावत गेली.

"आक्का, हे काय गं? नवरा उतरला की!"

"उतरतोच की. माझ्यात रोज उतरतो."

"आणि हे कुठायत?"

"हे कोण?"

"हे म्हणजे हे! पेरूची पाटी घेऊन!"

"दिगंबरराव?" आक्काने तिच्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "ते कशाला असतील त्यात? वैजे, मी हा भाग चाळीस वेळा बघितलाय. त्यात ते कधीच नव्हते."

वैजयंताच्या अंगाचा तिळपापड झाला. मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, गावातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर, हीच आक्का तिच्याशेजारी मांडी घालून बसली होती. पुढच्या रांगेतून दिगंबर "तो बघा मी!" म्हणून ओरडला तेव्हा हिनेच टाळ्या पिटल्या होत्या. चहा तसाच टाकून वैजयंता उठली.

*

‘मनाजोगं’ची करामत समजायला फार अवघड नाही. जुन्या मालिकांच्या टेप कंपनीने हक्कांसकट विकत घेतल्या आणि यंत्राला दाखवल्या. यंत्र त्यातल्या प्रत्येक नटाचा चेहरा, आवाज, चालण्याची ढब शिकलं. एकदा शिकल्यावर मूळ चित्राची गरज उरली नाही. कंपनीकडे उरली ती फक्त पाककृती. तुम्ही पडद्यासमोर बसलात की तुमच्यासाठी भाग नव्याने रांधला जातो, गरमागरम.

आणि कुणाला तिखट किती लागतं तेही यंत्राला कळतं. पडद्यावर बसवलेला बारीक डोळा तुमच्या डोळ्याच्या बाहुल्या बघतो, मनगटावरची पट्टी नाडी मोजते. लक्ष उडायला लागलं की प्रसंग आखूड होतो. दुःख सोसेनासं झालं की कथाच हळूच वळण घेते, आणि हे सगळं तुम्हाला कळायच्या तीन-चार सेकंद आधी. गर्दीतला कुणी आगंतुक कॅमेऱ्याकडे बघत असेल तर बघणाऱ्याचं लक्ष नायिकेवरून त्याच्याकडे जातं. यंत्राच्या हिशेबी तो दोष. म्हणून असे सगळे चेहरे काढून तिथे तयार चेहरे बसवलेले. अशी कुर्डुवाडीची माणसं एकेक करून गाडीतून कायमची उतरवली गेली होती.

पण खरी मेख पुढेच आहे. माणसाची आठवण कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. आठवण काढली की ती भिजवलेल्या कणकेसारखी मऊ होते, आणि पुन्हा घट्ट होताना समोर जे असेल त्याचा ठसा घेऊन घट्ट होते. हे मेंदूवाल्यांना पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. आक्काने जुनी आठवण चाळीस वेळा बाहेर काढली आणि चाळीस वेळा यंत्राने तिच्यावर आपला छाप उठवला. आक्का खोटं बोलत नव्हती. तिच्या डोक्यात दिगंबर खरंच उरला नव्हता.

वैजयंताने दोन दिवसांत अकरा जणांना विचारलं. मास्तरांच्या सुनेच्या भागात सांधेवाला दारू सोडतो. गिरणीवाल्याच्या भागात गाडीच येत नाही, कारण त्याला लहानपणापासून इंजिनाच्या शिट्टीची भीती. एका गल्लीत राहून, एका नावाची मालिका बघून, दोन माणसांनी एकच गोष्ट बघितली नव्हती. आणि दिगंबर? "असतील बुवा. आठवत नाही." बाई घरी आली ती रडत नव्हती, फणफणत होती.

*

तिने कंपनीला फोन लावला. पुण्याहून शार्दूल नावाचा मुलगा बोलला. आवाज असा मऊ, की त्याच्यावर चिडताना आपल्यालाच लाज वाटावी.

"मॅडम, तुमची तक्रार अगदी रास्त आहे. मिस्टरांचे काही फोटो असतील तर पाठवा ना. दहा मिनिटांत त्यांना परत आणतो."

तिने पाठवले. लग्नातला, केबलच्या खांबावर चढलेला, आणि शेवटच्या वर्षातला मफलर गुंडाळलेला. दहा मिनिटांनी तिच्या नावाचं खातं उघडून तिच्या फोनवर भाग आला. गाडी थांबली. दारातून वीस वर्षांचा दिगंबर उतरला, खांद्यावर पेरूची पाटी. त्याने मान वळवली, सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं आणि हसला. अगदी तसाच, जसा तो आयुष्यभर सांगत आला होता.

वैजयंताने ते चार वेळा बघितलं. पाचव्यांदा बघायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो आता थोडा जास्त वेळ हसतोय. तिच्या फोनलाही डोळा होताच.

तिने पुन्हा फोन केला. "हे आमच्या आक्काला दिसेल का?"

"त्यांना हवे असतील तर त्यांच्या आवृत्तीत घालू."

"आणि गिरणीवाल्याला?"

"मॅडम, हे फक्त तुमच्यासाठी आहे."

"मग मी एकटीने बघून काय करू? आरशाशी गप्पा मारू? मूळ भाग द्या मला. यंत्राने हात लावायच्या आधीचा."

"मूळ असं आम्ही काही ठेवत नाही. शिकून झालं की टेप नष्ट करतो. करारातच आहे तसं."

"माझ्याकडे आहे," वैजयंता म्हणाली. रागाच्या भरात बोलून गेली आणि मग तिला आठवलं, की खरंच आहे.

"मॅडम, असली तरी ती चारचौघांत दाखवता येणार नाही. दाखवणाऱ्याचं आणि बघणाऱ्यांचं, सगळ्यांचं खातं कायमचं बंद होईल. मला हे सांगावं लागतं, प्लीज राग मानू नका."

"राग कसला, बाळा. निमंत्रण देते. गुरुवारी ये."

*

ननवऱ्यांची केबल म्हणजे एके काळी कुर्डुवाडीची शान. दिगंबरने ती सुरू केली आणि लग्नानंतर वर्षभरात वैजयंता त्याच्याहून सफाईने खांबावर चढायला लागली. आता केबल कोण बघणार? पण तारा अजून खांबांवर होत्या आणि तिने त्या मरू दिल्या नव्हत्या. पाणी किती वाजता येणार, कुणाचं मूल झालं, कुणाची शेळी हरवली, एवढं एका निळ्या पट्टीवर सरकत राही. लोकांनी अडगळीतले जुने टीव्ही केवळ त्या पाण्याच्या वेळेसाठी चालू ठेवले होते.

जिन्याखालच्या खोलीत, जुन्या अॅम्प्लिफायरच्या मागे, ती टेप होती. १९९६ साली मालिका मध्यरात्री, गाव झोपल्यावर पुन्हा लागायची, तेव्हा दिगंबरने एकट्याने खोलीत बसून सातवा भाग उतरवून घेतला होता. नवीन नवरीच्या उत्साहाने वैजयंता म्हणाली, लावा की. तर म्हणाला, बुरशी धरली गं, पावसाळ्याने घात केला. आणि टेपच्या कव्हरवर त्याच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली. ‘सिग्नलच्या अलीकडे, भाग ७. बुरशी लागली आहे. लावू नये. हेड खराब होईल.’

धंद्यात ही गोष्ट पाळायचीच असते. बुरशीची टेप एकदा लावली की व्हीसीआरचं फीत वाचणारं हेड जातं, आणि टेपही फाटते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने त्या चिठ्ठीचा मान राखला होता. आता तिने टेप उन्हात धरली. कॅसेटच्या खिडकीतून आत काळी चकचकीत फीत दिसत होती, पांढरा कण नाही. बुरशी आत गुंडाळीत असेल, तिने ठरवलं. ह्यांनी लिहिलंय म्हणजे असणारच.

म्हणजे टेप एकदाच चालणार. मग ती एकटीने बघण्यात काय अर्थ? आधी कॉपी काढून ठेवावी असंही मनात आलं, पण मशीनमधून निघालेली प्रत दाखवली तर लोक म्हणतील, ही तुझ्या मनाजोगी. नको. टेप चालेल ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिने बिस्किटांच्या डब्यातून नवा रबरी बेल्ट काढला, व्हीसीआरला बसवला, स्पिरिटने हेड पुसलं आणि निळ्या पट्टीवर मजकूर सोडला.

‘उद्या पाणी सहा ते सव्वासहा. गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता सिग्नलच्या अलीकडे, भाग सातवा, अस्सल. रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, तसेच केबलवर. एकदाच लागेल. मध्ये थांबवता येणार नाही. कंपनीने कळवले आहे की जो बघेल त्याचे मनाजोगं बंद होईल. ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावे. शेळी सापडली.’

बुधवारी आक्का आली. पायऱ्यांवरच बसली, आत येईना.

"तुला काय मिळतं गं ह्यातून?"

"आक्का, तुझ्या डोक्यातून माझा माणूस काढला त्यांनी."

"आणि माझा घातला!" आक्काचा आवाज चढला. "तुझे दाजी गेले तेव्हा मी त्याच फलाटावर उभी होते. सगळी गाडी रिकामी झाली, गार्ड उतरला, तरी मी उभी. तुला माहितीय ते. माझ्या पडद्यावर तो बाप्या रोज उतरतो. उतरू दे की! रडायला मला टीव्ही कशाला लागतोय?"

दाजींना आणायला गेलेल्या आक्काला फलाटावरून घरी घेऊन आली होती ती वैजयंताच. ती बहिणीशेजारी बसली.

"नको येऊस तू," ती म्हणाली. "तुझं बंद पडायला नको. पण मी लावणार."

*

गुरुवारी सव्वासातला हॉलमध्ये तीन माणसं होती, त्यातला एक चौकीदार. वैजयंताने टेबल मधोमध ओढलं, त्यावर व्हीसीआर ठेवला, एक वायर टीव्हीला आणि एक केबलला जोडली. लोक नाही आले तर नाही आले. रिकाम्या खुर्च्यांना दाखवीन, पण दाखवीन, असं तिने दातओठ खाऊन ठरवलं.

मग दाराशी चपला वाजल्या. गिरणीवाला आला. मास्तरांची सून सासूचा हात धरून आली. पाठोपाठ गँगमन चाळीतली सगळी बायामाणसं. चपलांचा ढीग झाला, आणि आपली चप्पल नंतर ओळखू यावी म्हणून जो तो ती कोपऱ्यात सारायला लागला, अगदी पूर्वीसारखं. "आमचं बंद पडलं तर पडू दे," गिरणीवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला एकदा बघायचंय, ती गाडी येते का न्हाई." सगळ्यात शेवटी, दिवे घालवल्यावर, कुणीतरी वैजयंताच्या शेजारची खुर्ची ओढली. आक्का होती. पदराने तोंड झाकून बसली होती.

साडेसात. तिने टेप आत ढकलली.

आधी मुंग्या, मग एक आडवी रेघ, मग गाणं. गाण्यात खरखर होती. चित्राचे रंग उतरलेले. "पुढे ढकल की जरा," कुणीतरी सवयीने म्हणालं. "ढकलता येत नाही," वैजयंता म्हणाली, आणि हॉलभर लोक गुमान बसून राहिले. पहिला प्रसंग लांबला. कंटाळवाणा होता खरं तर. कुणी जांभई दिली. पण कंटाळा सगळ्यांना एकाच वेळी आला होता, हे कित्येक वर्षांत घडलं नव्हतं.

फलाट आला. गाडी शिट्टी मारत आली. गिरणीवाल्याने खुर्ची घट्ट धरली. दारं उघडली आणि माणसं उतरायला लागली, आणि प्रत्येक माणसाने न चुकता कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आई! ती आमची आई!" मास्तरांची सून ओरडली. "हिरवं लुगडं!" "तो बघ, हातपंपवाला नाना!" "अरे, तो तर मी! बघा, मी!" लोक उठून उभे राहिले. कुणी रडत होतं, कुणी बोटं दाखवत होतं, आणि पडद्यावरची कुर्डुवाडी हॉलमधल्या कुर्डुवाडीकडे टक लावून बघत होती.

मग दारात पेरूची पाटी दिसली. वैजयंताने पदर सावरला.

पाटी खाली उतरली. पाटीच्या मागे एक चौकड्यांचा शर्ट, एक हात आणि एक कान. बस. त्याच्या पुढचा टोपीवाला पोरगा भिंगात बघून खदाखदा हसला. आणि पाटीवाल्याने मात्र कॅमेरा दिसताच लाजून पाटी तोंडासमोर धरली, पाठ फिरवली आणि तुरुतुरु चित्राबाहेर पळाला.

उभे राहिलेले लोक एकेक करून खाली बसले.

"हसला तो तर पांडू टोपीवाला," गिरणीवाला हळूच म्हणाला.

वैजयंताने पडद्याकडे बघितलं. मग टेबलावर पडलेल्या टेपच्या रिकाम्या कव्हराकडे. बुरशी लागली आहे. लावू नये. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. १९८९ साली हॉलमधल्या आरडाओरड्यात कुणालाच धड दिसलं नव्हतं; एकट्याने बसून त्याने हे नीट बघितलं ते १९९६ साली. तोवर निम्म्या गावाला सांगून झालं होतं. आणि मग बसून, जीभ दातांत धरून, वळणदार अक्षरात त्याने ही चिठ्ठी लिहिली होती.

"थापाड्या!" ती मोठ्याने म्हणाली. "अगं बाई, काय थापाडा माणूस!" आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मग सगळा हॉल हसायला लागला. चार वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की तो आत्ता इथे असता तर कान धरून त्याला उभा केला असता.

पडद्यावर सांधेवाल्याची बायको एकटी उरली होती. गाडी निघून गेली. हसणं विरत गेलं. ती बाई उभीच होती. कुणी उतरलं नाही. आक्काने पदर तोंडावरून काढला आणि वैजयंताचा हात घट्ट धरला. बाई वळली, फलाटाच्या नळावर तोंड धुतलं आणि घराकडे चालायला लागली. भाग संपला.

टेपला काहीही झालं नव्हतं.

फोन वाजला. शार्दूल होता. "मॅडम, मनगटाच्या पट्ट्यांवरून आणि फोनवरून कळलं सगळं. तुमच्यासकट एकशे बारा खाती बंद केलीत. मला वाईट वाटतंय." मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "दिसले का ते?"

"कान दिसला. एक कान आणि पाटी."

"मग आम्ही दिलेलं काय वाईट होतं? त्यात हसत तरी होते."

"तुमचा हसत होता," वैजयंता म्हणाली. "माझा लाजून पळाला, आणि जन्मभर खोटं बोलला. मला माझा पाहिजे. आणि ते खातं बंदच ठेवा."

तिने फोन ठेवला. लोक उठायचं नाव घेत नव्हते. पांडू टोपीवाल्याचा पुतण्या कोण, आणि त्याला आत्ताच्या आत्ता बोलावून आणायला कुणी जायचं, ह्यावर वाद पेटला होता.

"वैजे," आक्का म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत. "लाव परत. ती नळावर तोंड धुती ते मला बघायचंय. माझ्यात ते नव्हतं. मीपण तसंच धुतलं होतं."

वैजयंताने टेप मागे गुंडाळायला लावली. यंत्र घरघरायला लागलं. तोवर तिने कुणाकडून तरी पेन मागून घेतलं, कव्हर गुडघ्यावर ठेवलं आणि नवऱ्याच्या वळणदार अक्षराखाली आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं, ‘लावावी. दर गुरुवारी, साडेसात.’